सरकारी अर्जासोबतचा बायोडाटा: छाननीच्या टेबलावर टिकेल असा

जिल्हा परिषद असो, महापालिका असो की शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, थेट अर्जावरून होणाऱ्या भरतीत आधी पात्र-अपात्र उमेदवारांची यादी लागते. त्या यादीत 'शेरा' नावाचा रकाना असतो. पहिल्यांदाच अर्ज करत असाल तर बायोडाटा लिहायला बसण्याआधी संकेतस्थळावरून अशा दोन-चार जुन्या याद्या उतरवून घ्या आणि फक्त तो रकाना वाचा. 'अनुभव प्रमाणपत्र जोडलेले नाही.' 'अर्जावर स्वाक्षरी नाही.' 'विहित नमुन्यात अर्ज नाही.' 'वयाधिक्य.' 'नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र वैध नाही.' व्यक्तिमत्त्व प्रभावी नाही म्हणून कोणी अपात्र ठरल्याचं तिथे सापडणार नाही.

खासगी कंपनीत रेझ्युमे वाचणाऱ्याला माणूस निवडायचा असतो. इथे पहिल्या फेरीत वाचणाऱ्या लिपिकाला तक्ता भरायचा असतो: नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, अर्हता, टक्केवारी, अनुभव, जोडलेले कागद, पात्र की अपात्र. समोर अर्जांचा गठ्ठा, बाजूला जाहिरातीची प्रत. तुमच्या बायोडाट्यातली प्रत्येक ओळ त्याला एखाद्या रकान्यात जशीच्या तशी उतरवता आली पाहिजे, आणि त्या ओळीमागचा कागद पुढच्या पानांत चटकन हाती लागला पाहिजे. बाकी सगळं, म्हणजे रंगीत पट्टीचं टेम्पलेट, 'टीमवर्क'समोरचे पाचपैकी चार तारे, 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'चा परिच्छेद, त्याच्या लेखी नसल्यात जमा. माझं सरळ मत आहे की सरकारी बायोडाट्यात एकही विशेषण नसावं.

आधी बघा, बायोडाटा लागतो का

बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), लिपिक-टंकलेखक, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) अशा परीक्षेवरच्या पदांना वेगळा बायोडाटा कोणी मागत नाही. ऑनलाइन अर्ज भरायचा, परीक्षा द्यायची, नंतर कागदपत्रांची पडताळणी. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पदांसाठी तर प्रणालीतलं तुमचं प्रोफाईल हाच बायोडाटा. ते शांतपणे, कागद समोर ठेवून भरा, कारण एकदा एखाद्या जाहिरातीला अर्ज सादर झाला की नंतर प्रोफाईलमध्ये केलेली दुरुस्ती त्या अर्जात जात नाही.

खरा बायोडाटा लागतो तो कंत्राटी आणि थेट मुलाखतीच्या पदांना: राष्ट्रीय आरोग्य अभियान, समग्र शिक्षा, उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), महाविद्यालयांतली तासिका तत्त्वावरची पदं, महामंडळांतले सल्लागार आणि समन्वयक. तिथेही जाहिरातीसोबत विहित नमुना दिला असेल तर तोच भरायचा. स्वतःचा देखणा बायोडाटा पाठवून नमुना कोरा सोडला तर अर्ज बाद. नमुन्यात मावत नाही अशी माहिती असेल तरच बायोडाटा मागे जोडा. नमुना दिलाच नसेल तर मात्र खाली सांगितल्याप्रमाणे स्वतः लिहा.

जाहिरात छापून घ्या, पेन्सिल हातात घ्या

मोबाईलवर जाहिरात वाचून अर्ज करणं टाळा. छापील प्रतीवर चार गोष्टींखाली रेघ मारा: जाहिरात क्रमांक, पदाचं नेमकं नाव, अर्हतेची पूर्ण ओळ आणि तारखा. तारखा अनेक असतात. वय कोणत्या दिनांकास मोजायचं ती एक, अर्ज पोहोचण्याची शेवटची दुसरी, आणि अर्हता व अनुभव कोणत्या दिनांकापर्यंतचा धरणार ती तिसरी. ही तिसरी बहुधा अर्जाचा अंतिम दिनांकच असते. त्या दिवशी तुमचा निकाल लागलेला नसेल तर 'निकाल प्रतीक्षेत' लिहून काही साधत नाही.

राज्य शासनाच्या सरळसेवेत खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय साधारणपणे ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं आहे. कंत्राटी योजनांत मर्यादा वेगळी असू शकते, म्हणून जाहिरातीतलाच आकडा धरा. बायोडाट्यात नुसती जन्मतारीख न लिहिता 'दि. … रोजी वय: … वर्षे … महिने … दिवस' असं मोजून लिहा. लिपिकाचा हिशेब वाचतो.

अर्ज करण्याआधी संकेतस्थळावर शुद्धिपत्रक आलंय का तेही पाहा. पदसंख्या, अर्हता, मुदत यांतलं काहीही त्यातून बदलू शकतं.

कागद आधी, लिखाण नंतर

बायोडाट्यातली प्रत्येक ओळ कागद समोर ठेवून उतरवा, आठवून लिहू नका. दहावीचं प्रमाणपत्र, बारावी, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास, जातीचे कागद, संगणक आणि टंकलेखनाची प्रमाणपत्रं, नोकरीचे आदेश. सगळे टेबलावर मांडा आणि पहिली तपासणी नावाची करा.

दहावीच्या प्रमाणपत्रावर 'सुनिता', आधारवर 'सुनीता', पदवीवर आडनाव आधी, बँकेत वडिलांचं नाव गायब. घरात हे कोणाला खटकत नाही; छाननीत खटकतं. बायोडाट्यावर नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहा, त्याच क्रमाने, त्याच ऱ्हस्व-दीर्घाने. लग्नानंतर नाव बदललं असेल तर खाली वेगळी ओळ द्या: 'विवाहापूर्वीचे नाव', आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. इतर कारणाने नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद लागते. ती मिळायला वेळ जातो, म्हणून हे काम जाहिरातीची वाट न पाहता आजच सुरू करा.

आईचं नाव अर्जाच्या नावात घालायचं का, असा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. शासनाने १ मे २०२४ पासून नावात आईचं नाव बंधनकारक केलं ते १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. तुम्ही आज नोकरीला अर्ज करताय म्हणजे तो नियम तुमच्यासाठी नाही. नमुन्यात 'आईचे नाव' असा वेगळा रकाना असेल तिथे लिहा, तेवढं पुरे.

कोणत्या क्रमाने लिहायचं

वर उजवीकडे फोटो, त्यावर आडवी सही मागितली असेल तर तशी. मग जाहिरात क्रमांक, पदाचं नाव, पद एकाहून जास्त ठिकाणी असेल तर ठिकाण. त्याखाली वैयक्तिक माहिती: संपूर्ण नाव, जन्मतारीख, वय, लिंग, प्रवर्ग, समांतर आरक्षण (महिला, खेळाडू, दिव्यांग असा दावा असेल तर), अधिवास, पत्रव्यवहाराचा पत्ता पिनकोडसह, भ्रमणध्वनी, ईमेल. भ्रमणध्वनी क्रमांक असा द्या जो वर्षभर बदलणार नाही. ईमेल मित्राचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा नको. मुलाखतीचं पत्र नंतर त्याच्याच खात्यात जातं.

मग शैक्षणिक अर्हतेचा तक्ता. परीक्षा, मंडळ किंवा विद्यापीठ, उत्तीर्ण झाल्याचा महिना-वर्ष, मिळालेले गुण, एकूण गुण, टक्केवारी. दहावीपासून वर चढत या. खासगी रेझ्युमेत उलटा क्रम चालतो, पण सरकारी तक्ता बहुधा दहावीपासून सुरू होतो. श्रेणी पद्धतीतला निकाल असेल तर विद्यापीठाच्या सूत्राने टक्केवारी काढा आणि सूत्र छापलेलं पान जोडा; अनेकदा ते गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला असतं आणि झेरॉक्स काढताना तीच बाजू राहून जाते. ५४.९६ ला ५५ लिहू नका. जिथे किमान ५५ टक्क्यांची अट असते तिथे हा फरक पात्र आणि अपात्र यांच्यातला असतो, आणि ५५ लिहिलंत तर चुकीची माहिती दिल्याचा ठपका वर.

अर्हतेच्या ओळीतले शब्द जाहिरातीतलेच वापरा. जाहिरातीत 'समाजकार्य पदव्युत्तर पदवी' असेल आणि तुमच्याकडे तीच पदवी एमएसडब्ल्यू नावाने असेल तर दोन्ही लिहा: 'समाजकार्य पदव्युत्तर पदवी, एमएसडब्ल्यू'. ही तीच पदवी आहे हे छाननी करणाऱ्याने ओळखून घ्यावं, अशी अपेक्षा ठेवू नका.

अनुभव: इथेच खरी कसोटी

सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते अनुभवावर, म्हणून इथे थोडं थांबू.

'तीन वर्षांचा अनुभव' ही ओळ छाननीत काहीच सांगत नाही. अनुभव दिवसांत मोजला जातो. प्रत्येक नोकरीला, आणि कंत्राटी असाल तर प्रत्येक आदेशाला, तक्त्यात वेगळी ओळ द्या: कार्यालयाचं नाव व पत्ता, पदनाम, नेमणुकीचं स्वरूप (नियमित, कंत्राटी, मानधन), पूर्णवेळ की अर्धवेळ, रुजू दिनांक, कार्यमुक्त दिनांक, एकूण कालावधी, मासिक वेतन, कामाचं स्वरूप, आणि शेवटी प्रमाणपत्राचा पान क्रमांक.

एक उदाहरण पाहा. आरोग्य विभागातल्या कंत्राटी पदावर ११ महिन्यांचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा ११ महिन्यांचा आदेश, अशी पद्धत ओळखीची आहे. पहिला आदेश ०१/०७/२०२१ ते ३१/०५/२०२२, दुसरा ०२/०६/२०२२ ते ०१/०५/२०२३. उमेदवार बायोडाट्यात लिहितो, 'जुलै २०२१ ते मे २०२३, अनुभव २ वर्षे'. जाहिरातीतली अट दोन वर्षांचीच. लिपिक दोन्ही आदेश काढतो, बेरीज करतो: १ वर्ष १० महिने. शेरा पडतो. याच उमेदवाराकडे त्याआधी एखाद्या संस्थेत केलेल्या चार महिन्यांच्या कामाचं प्रमाणपत्र घरी पडलेलं असू शकतं, पण दोन वर्षं भरली असंच धरून चालल्यामुळे ते जोडायचं त्याला सुचतच नाही. स्वतः बेरीज केली असती तर सुचलं असतं.

दुसरी अडचण 'कोणता अनुभव धरतात' याची. लोकसेवा आयोगाच्या सूचनांनुसार अंशकालीन, तासिका तत्त्वावरचा, विद्यावेतनी किंवा विनावेतन काळ, तसंच प्रभारी किंवा अतिरिक्त कार्यभाराचा काळ अनुभवासाठी ग्राह्य धरत नाहीत. कंत्राटी योजनांच्या जाहिराती त्यामानाने सैल असतात, पण तिथेही 'अर्हता प्राप्त केल्यानंतरचा अनुभव' हे चार शब्द शोधा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना केलेली नोकरी या अटीत वजा होते. ती तक्त्यात लिहायला हरकत नाही. एकूण बेरजेत मात्र धरू नका, आणि तसं तळाशी लिहा.

अनुभव प्रमाणपत्र हा नियुक्ती आदेशापेक्षा वेगळा कागद. आदेश सांगतो की तुम्हाला बोलावलं होतं. प्रमाणपत्र सांगतं की तुम्ही काम केलं. दोन्ही जोडा. प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक व दिनांकासह, सही करणाऱ्याचं नाव-पदनाम आणि गोल शिक्का असलेलं हवं. 'दि. … पासून आजतागायत कार्यरत' लिहिलेलं असेल तर प्रमाणपत्रावरच्या तारखेपर्यंतचाच काळ मोजला जातो, म्हणून सध्या नोकरीत असाल तर प्रत्येक जाहिरातीला ताजं प्रमाणपत्र घ्या. संस्थेतले लोक कंटाळतात, पण मजकूर तुम्हीच टाइप करून नेलात तर सही लवकर मिळते.

कामाचं स्वरूप दोन-तीन ओळींत, आणि मोजता येईल असं. 'ग्रामीण विकासाच्या क्षेत्रात भरीव कार्य' याऐवजी 'तालुक्यातील ४२ बचत गटांची दप्तर तपासणी, मासिक अहवाल, बँक जोडणीचे प्रस्ताव'. आकडा तुमचा खरा असला पाहिजे. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतो.

संगणक, टंकलेखन, भाषा

हे चटकन उरकता येतं. एमएस-सीआयटी किंवा शासनमान्य समकक्ष परीक्षा, प्रमाणपत्र क्रमांक, वर्ष. टंकलेखन असेल तर भाषा आणि वेग: मराठी ३० शब्द प्रति मिनिट, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट. 'वर्ड, एक्सेलचे उत्तम ज्ञान' याला प्रमाणपत्राशिवाय किंमत नाही. भाषांसमोर लिहिणं, वाचणं, बोलणं असे तीन रकाने करा. मराठी दहावीला असेल तर तेही नोंदवा, कारण राज्याच्या पदांना मराठीचं ज्ञान लागतंच.

प्रवर्गाचे कागद

प्रवर्ग लिहिताना नुसतं 'मागासवर्गीय' लिहू नका. 'भज-क' (भटक्या जमाती-क), 'विजा-अ' (विमुक्त जाती-अ), 'इमाव' (इतर मागासवर्ग) असं नेमकं लिहा. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून, दुसरा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून. नॉन क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब सधन (उन्नत) गटात मोडत नसल्याचा दाखला, हा तिसरा. तो अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. त्यावरची 'वैध दिनांकापर्यंत' ही ओळ आणि जाहिरातीचा अंतिम दिनांक शेजारी ठेवून पाहा. केंद्राच्या नमुन्यातला इतर मागासवर्गाचा दाखला राज्याच्या भरतीला चालेल असं समजू नका; दोन्ही नमुने वेगळे आहेत. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी लागणारी नॉन क्रिमीलेअरची अट २०२३ साली निघाली. जुनी पुस्तिका हातात असेल तर त्यात उलटं लिहिलेलं आढळेल.

महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अनाथ, दिव्यांग, अंशकालीन पदवीधर यांतला जो दावा करायचा तो अर्जातच करावा लागतो. नंतर 'माझ्याकडे प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे' म्हणून उपयोग होत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांमधले मराठी भाषिकही महाराष्ट्राच्या पदांना अर्ज करू शकतात. त्यांनी अधिवासाऐवजी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित दाखला जोडायचा असतो. गोव्यात अर्ज करणाऱ्यांनी मात्र तिथलीच जाहिरात पाहावी: १५ वर्षांचा रहिवासी दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड आणि कोकणीचं ज्ञान तिथे मागतात, मराठी येत असेल तर इष्ट.

लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, नमुना 'अ', अविवाहितांनीही भरायचं असतं. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर नेमणूक मिळत नाही. आकडा लपवला तर पुढे नोकरी जाते.

टाइप करताना

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या टंकलेखन फॉन्टमध्ये केलेली फाईल ईमेलने गेली की समोरच्या संगणकावर तिचा अगम्य अक्षरांचा सडा पडतो. पीडीएफ करा, ती आपल्या फोनवर आणि दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर उघडून पाहा. पांढरा ए-फोर कागद, काळी अक्षरं, १२ चा आकार, दोन किंवा तीन पानं. प्रत्येक पानाच्या तळाशी सही.

अर्जाचं पहिलं पान पत्राच्या स्वरूपात ठेवा. 'प्रति,' खाली जाहिरातीत दिलेलं पदनाम व कार्यालय. 'विषय:' मध्ये पदाचं नाव. 'संदर्भ:' मध्ये जाहिरात क्रमांक व दिनांक. मजकूर तीन वाक्यांचा: अर्ज करत आहे, जाहिरातीतली अर्हता व अनुभव धारण करतो किंवा करते, कागदपत्रं सोबतच्या यादीप्रमाणे जोडली आहेत. 'माझ्या घरची परिस्थिती बेताची असून' हे वाक्य काढून टाका. त्याला रकाना नाही.

शेवटी सहपत्रांची यादी, अनुक्रमाने, पान क्रमांकासह. सगळ्या झेरॉक्स प्रतींवर पेनाने सलग क्रमांक घाला आणि स्वयंसाक्षांकित करा: 'सत्यप्रत' लिहून सही, नाव, दिनांक. हे पाच मिनिटांचं काम पुढे हरकतीच्या वेळी उपयोगी पडतं. अपात्र यादीवर हरकत घ्यायला मिळणारी मुदत थोडी असते, आणि त्यात नवा कागद सहसा घेत नाहीत. पण आधीच जोडलेला कागद नजरेतून सुटला असेल तर 'अर्जातील पान क्र. १७ पाहावे' एवढं लिहिलं की काम होतं.

पाठवणं आणि नंतर

लिफाफ्यावर मोठ्या अक्षरांत 'अर्ज: पदाचे नाव, जाहिरात क्रमांक, प्रवर्ग' लिहा. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टने, आणि अंतिम दिनांकाच्या किमान आठवडाभर आधी. टपालातल्या दिरंगाईची जबाबदारी कार्यालय घेत नाही. हाती द्यायचा असेल तर पहिल्या पानाची दुसरी प्रत घेऊन जा आणि तिच्यावर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. 'ठेवून जा, टाकतो मी आवकला' असं कोणी म्हणालं तरी शांतपणे थांबा. डिमांड ड्राफ्ट मागितला असेल तर त्याच्या मागे नाव, पद आणि मोबाईल क्रमांक लिहा. अर्जापासून सुटला तर कोणाचा ते कळतं.

आधीच शासकीय किंवा निमशासकीय सेवेत असाल तर अर्ज कार्यालयामार्फत पाठवा किंवा नाहरकत प्रमाणपत्र घ्या. ते मिळेपर्यंत मुदत संपण्याची भीती असेल तर एक आगाऊ प्रत थेट पाठवून तिच्यावर 'कार्यालयामार्फत अर्ज पाठवला आहे' असं नोंदवतात. ती स्वीकारली जाईल का ते जाहिरातीत पाहा.

मुलाखतीला जाताना पाठवलेल्या अर्जाची तंतोतंत प्रत आणि मूळ कागद त्याच क्रमाने फाईलमध्ये लावून न्या. दरम्यान नवी पदवी मिळाली असेल तर तोंडी सांगा, बायोडाटा बदलून नेऊ नका. निवड झालीच तर पुढे चारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यातले पत्ते, नोकरीचे काळ आणि नावं तुमच्या बायोडाट्याशी जुळावी लागतात, आणि एखादा गुन्हा नोंद असेल, खटला प्रलंबित असेल किंवा त्यातून सुटका झाली असेल, तर तिथे तेही लिहावं लागतं. अशा प्रकरणात नोंद दडवणं हे बहुतेक वेळा मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडतं, म्हणून न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवा.